भिंतीवरची तारीख

आमच्या दाराशेजारी, चुन्याच्या थरांमधून
अजून वाचता येते:
डीडीटी, ३ - ४८.
फवारणीवाल्यांनी साच्यातून उमटवलेली काळी अक्षरं.
एफिसिओ आजोबा दर ईस्टरला भिंत रंगवायचे
आणि तेवढा चौकोन सोडून द्यायचे.
पावती आहे ती, म्हणायचे.

काब्रासच्या खाडीवर तेव्हा
बोयटं जितकी, तितकेच डास.
पाच भावंडांतली तीन हिवतापानं नेली.
उरलेल्या दोघांच्या जिभेवर
सरकारी क्विनाइनचा कडूपणा, मरेपर्यंत.

काल्यारीच्या इस्पितळात डॉक्टर देलोगू
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढून दाखवतात:
जे वाचले ते कदाचित असे वाचले,
त्यांच्या रक्तात पहारेकरी जरा जास्त होते.
एका जनुकातली थोडी अक्षरं गळाली
आणि पहारा दुप्पट झाला.
कदाचित, असं ते पुन्हा म्हणतात, आणि तो शब्द अधोरेखित करतात.

मग डास गेले. दलदली बुजल्या.
पहाऱ्यावरच्यांना कुणी कळवलंच नाही.

बोनारिया,
तुझ्यामाझ्यात मिळकतीची वाटणी कधी झालीच नाही.
तोच वाकडा सुळा, कानामागे तोच तीळ,
फोनवर आईसुद्धा फसायची.
तुझ्या रक्ताच्या नळीवरचं लेबल निघालं
तर ती माझी नाही हे कोण सांगणार?

आणि तरी, सत्ताविसाव्या वर्षी,
गाभोळीला मीठ चोळताना
तू हात थांबवून विचारलंस,
ग्रेका, मीठ गरम आहे की गार?
मी हसले होते.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एक जुळी आजारी पडली
तर दुसरी पडते, चारांत एकदा, साधारण.
दोनशेहून जास्त जागा आहेत म्हणे या अक्षरांत,
प्रत्येक जागा नुसतं बोट लावते, ढकलत कुणीच नाही.
मग एखादा जुना ताप, ऊन, सिगारेट,
आणि उरलेलं, ज्याला डॉक्टरांकडेही नाव नाही.
सिगारेट मी ओढायचे. तू नाही.

कुंपणच शेत खातं, म्हणतात.
पण कुंपणाला कुठे कळतं शेत कुणाचं?
त्याला काटे दिले होते, ते काटे वापरतंय.

आणि आजार येणं एक, त्याचं चालणं दुसरं.
ती अक्षरंही वेगळी, डॉक्टर सांगतात,
ती पहाऱ्याची नाहीत,
मेंदू किती सोसतो, किती डागडुजी करतो, त्याची असावीत.
गाविनोच्या हाती तिसऱ्या वर्षी काठी आली.
आंतिओका मावशी साठाव्या वर्षी
मुलीच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचली,
आणि दुसऱ्या दिवशी पायांना शिव्या देत झोपली.
तुझं काय, हे मी विचारलं.
पेन्सिल खिशात गेली.

माझ्याही रक्ताचा फॉर्म आहे.
शेवटच्या ओळीत दोन चौकटी:
निष्कर्ष कळवावेत. कळवू नयेत.
आठवडा झाला, तो ब्रेडच्या डब्याखाली आहे.

या ईस्टरला भिंत तू रंगवलीस.
स्टुलावर बसून, हात पोचेल तेवढी.
वरचा भाग माझा, शिडीवरून.
तुझा हात थरथरला
आणि आठाच्या आकड्यावर पांढरा फराटा गेला.
पुसू का? मी फडकं ओलं करून उतरले.
तू मान तिरकी करून पाहत राहिलीस:
डीडीटी, ३ - ४.
आता कुणालाही वाटेल, म्हणालीस,
की हे ख्रिस्ताच्या वेळचं आहे.

आणि इतकी हसलीस की ब्रश खाली पडला.
कुणी उचलायचा, यावरून भांडलो आपण.
मिस्त्राल सुटायला लागला होता.
शिडी अजून बाहेरच होती.